‘मी त्यांना थांबवलं असतं तर?’ : योगायोग, नियती आणि प्रेम यांच्याकडे सिनेमा कसा बघतो

(आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूर इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

  आम्ही ‘आम्ही’ म्हणून बोलतो याचं नव्या श्रोत्यांना जरा नवल वाटेल. त्यात मोठेपणा काही नाही. इतकी वर्षं वर्गात उभं राहिल्यावर एकवचनात बोलायची सवय मोडते. शिवाय आज जे सांगणार आहोत, त्यातलं निम्मं विद्यार्थ्यांनीच आम्हाला शिकवलेलं आहे, तेव्हा ‘मी’ म्हणणं खोटंच ठरेल.

विषय आहे सिनेमाचा. योगायोग, नियती आणि प्रेम या तीन गोष्टी सिनेमा कशा हाताळतो, हे बघायचं आहे. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाचा म्हातारा माणूस सिनेमावर काय बोलणार? त्याला कारण आहे, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी असंच एका गावात आमचं व्याख्यान होतं. विषय होता इच्छास्वातंत्र्य. व्याख्यान संपलं, सतरंज्या गोळा व्हायला लागल्या, आणि एक बाई पुढे आल्या. त्यांचे यजमान याच घाटात गाडीच्या अपघातात गेले होते. त्या म्हणाल्या, ‘सर, तुम्ही पुष्कळ बोललात, पण मला एकच सांगा. त्या दिवशी सकाळी ते चहा न घेता निघाले. मी म्हटलं असतं, दोन मिनिटं थांबा, चहा घेऊन जा, तर ते वाचले असते का?’

आम्हाला उत्तर देता आलं नाही. काहीतरी पुटपुटलो. ‘नशीब असतं एकेकाचं’ असं म्हणालो बहुतेक. त्या हात जोडून निघून गेल्या. घरी आल्यावर आमची आम्हालाच लाज वाटली. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि वेळ आली तेव्हा पारावरचा कुणीही देईल ते उत्तर दिलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या बाईंना उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

शब्द आधी साफ करू

या परिसरात हा प्रश्न पुस्तकी नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला सहलीला निघाली होती. ती आपल्या आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि एक जण सोडून सगळे गेले. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली. या तिन्ही वेळी लोकांच्या तोंडी एकच शब्द होता, नशीब. वाचला त्याचं नशीब, गेला त्याचंही नशीब.

पण एकाच शब्दात आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. त्या सुट्या करू.

पहिली गोष्ट योगायोग. ॲरिस्टॉटलने याचं फार सोपं उदाहरण दिलं आहे. एक माणूस काही कामानिमित्त बाजारात जातो. तिथे त्याला त्याचे पैसे देणं लागणारा माणूस भेटतो, आणि पैसे वसूल होतात. महाडच्या बाजारात असं रोज घडतं. आता यात विनाकारण काय घडलं? काहीच नाही. हा बाजारात का आला याला कारण आहे, तो का आला यालाही कारण आहे. फक्त दोघांनी भेटावं असं कुणी ठरवलं नव्हतं. दोन कारणांच्या वाटा एकमेकींना छेदतात, त्या छेदण्याला आपण योगायोग म्हणतो.

दुसरी गोष्ट नियती. जे व्हायचं ते ठरलेलंच आहे, तुम्ही काहीही करा, ही कल्पना.

तिसरी गोष्ट माणसाची करणी. कुणीतरी काहीतरी केलं, किंवा करायला हवं होतं ते केलं नाही, म्हणून घडलेलं.

आणि ही विभागणी आपल्याकडे नव्हती असं समजू नका. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराशी वाद घालते तेव्हा ती हेच करते. काही गोष्टी दैवाने मिळतात, काही ‘हठाने’, काही माणसाच्या प्रयत्नाने. आज आपण हठ म्हणजे हट्ट म्हणतो, पण तिथे त्याचा अर्थ आहे अवचित, कारण न कळता पदरात पडलेलं. म्हणजे आपला योगायोगच. गंमत बघा, ती हे कुणाला सांगते? फाशांच्या खेळात राज्य हरलेल्या माणसाला. आणि तिचा कल स्पष्टपणे प्रयत्नाकडे आहे.

सिनेमातल्या योगायोगाची अडचण

आता सिनेमाकडे येऊ. सिनेमात एक अडचण मुळातच आहे. बाजारातली भेट खरोखर कुणी ठरवलेली नसते, पण पडद्यावरची भेट पटकथाकाराने ठरवलेलीच असते. नायक वळणावर वळतो आणि नायिकेच्या हातातली पुस्तकं पडतात. आपण योगायोग म्हणतो, पण तो बारा वेळा टेक घेऊन केलेला असतो. मग खोटा योगायोग आपल्याला खरा का वाटतो?

यावरही ॲरिस्टॉटलनेच बोट ठेवलंय. काव्यशास्त्रात तो मितीस नावाच्या माणसाची हकिगत सांगतो. मितीसचा खून झाला, त्याचा पुतळा उभारला गेला, आणि त्याच्या मारेकऱ्यावर नेमका तोच पुतळा कोसळून तो मेला. ॲरिस्टॉटल म्हणतो, योगायोगाच्या घटनांमध्येही ज्यांच्यामागे काही हेतू असावा असं भासतं, त्या आपल्याला जास्त चकित करतात. पुतळ्याला काय कळतं? पण आपल्या मनाला तिथे न्याय दिसतो. मन असंच आहे. योगायोग दिसला की ते त्याला हेतू चिकटवतं.

आपल्या हिंदी सिनेमाने यावर पिढ्या जगवल्या. १९६५ चा ‘वक्त’ आठवा. बलराज साहनींचा लाला केदारनाथ आपल्या कर्तबगारीच्या जोरावर भविष्याला आव्हान देतो, आणि भूकंप होतो. घर जातं, मुलं विखुरतात. खरं म्हणजे भूकंपाला लालाजींच्या बोलण्याशी काय देणंघेणं? पण बढाई आणि भूकंप एकापाठोपाठ दाखवले की प्रेक्षक मनात म्हणतो, बघ, नियतीने चपराक दिली. दोन दृश्यं शेजारी जोडली, एवढंच झालं. त्या जोडातून नियती तयार झाली.

ही सिनेमाची ताकद आहे आणि धोकाही आहे. म्हणून चांगला सिनेमा ओळखायची आमची एक साधी कसोटी आहे. योगायोगाने पात्रं अडचणीत सापडली तर चालेल, कारण आयुष्यात तसं होतंच. पण योगायोगानेच ती सुटली तर समजा, लेखक दमला आहे.

गाडी चुकली तर

आता त्या बाईंच्या प्रश्नाजवळ जाणारा सिनेमा. पोलंडचे क्षिश्तोफ किश्लोव्स्की यांनी १९८१ साली ‘ब्लाइंड चान्स’ केला, म्हणजे आंधळा योगायोग. तिथल्या सरकारने तो दाबून ठेवला, १९८७ मध्ये तो दाखवला गेला. गोष्ट अशी. वितेक नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी धावत स्टेशनवर येतो. गाडी सुटलेली असते. यापुढे सिनेमा तीन वेळा घडतो. पहिल्यांदा तो गाडी पकडतो आणि पुढे सत्ताधारी पक्षात जातो. दुसऱ्यांदा रेल्वेचा रखवालदार आडवा येतो, झटापट होते, आणि तो सरकारविरोधी चळवळीत ओढला जातो. तिसऱ्यांदा गाडी सरळ चुकते, फलाटावर बरोबर शिकणारी मुलगी भेटते, लग्न होतं, तो डॉक्टर होतो आणि राजकारणापासून लांब राहतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत सुखाची. घर, बायको, मूल, व्यवसाय. आणि नेमक्या त्याच आयुष्यात तो ज्या विमानात बसतो, ते हवेत स्फोट होऊन नष्ट होतं.

यातून काय घ्यायचं? बरेच लोक म्हणतात, बघा, एका क्षणाने आयुष्य बदलतं. ते खरंच आहे. पण पुन्हा बघाल तेव्हा दुसरी गोष्ट दिसेल. तिन्ही आयुष्यांत वितेक मूळचा तोच आहे. प्रामाणिक, मनापासून विश्वास टाकणारा, लोकांना दगा न देणारा. परिस्थिती योगायोगाने मिळाली, पण त्या परिस्थितीत कसं वागायचं ते गाडीने ठरवलं नाही.

आणि तिसरी, आज आपल्या कामाची गोष्ट. गाडी चुकल्यामुळे प्रेम मिळालं, आणि त्याच वाटेवर पुढे मरण होतं. आता सांगा, गाडी चुकली ते चांगलं झालं की वाईट? त्या क्षणाला हे कुणाला कळणं शक्य होतं का? नव्हतं. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला तिन्ही सिनेमे दिसत नाहीत. ते फक्त प्रेक्षकाला दिसतात.

१९९८ चा जर्मन सिनेमा ‘रन लोला रन’ हाच खेळ वेगाने खेळतो. प्रियकराचा जीव वाचवायला लोलाला वीस मिनिटांत एक लाख मार्क उभे करायचे आहेत. तीन वेळा तीच धाव. जिन्यात एका कुत्र्यामुळे काही क्षणांचा फरक पडतो, आणि शेवट वेगळा होतो. एकदा ती मरते, एकदा तो मरतो, एकदा दोघं वाचतात. बघायला मजा येते. पण त्यात लोलाला पुन्हा धावायला मिळतं. आपल्याला मिळत नाही. आणि दुःखात बुडालेला माणूस नेमकं हेच करत असतो, मनातल्या मनात तीच सकाळ पुन्हा पुन्हा धावत असतो.

चुकलेला डबा

आता जरा घरचं उदाहरण. २०१३ चा रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ बहुतेकांनी पाहिला असेल. मुंबईचे डबेवाले म्हणजे आपलीच माणसं, बहुतेक मावळपट्ट्यातली. लोकलमध्ये अभंग म्हणत जाणारी. त्यांच्या कामात चूक जवळपास होतच नाही, अशी त्यांची ख्याती. आणि सिनेमा नेमका त्या दुर्मीळ चुकीवर उभा आहे. इलाने नवऱ्यासाठी केलेला डबा निवृत्तीला टेकलेल्या साजन फर्नांडिसच्या टेबलावर येतो.

इथवर योगायोग. पण पुढे बघा. दुसऱ्या दिवशी इला डब्यात चिठ्ठी ठेवते. हा योगायोग आहे का? नाही. ती उत्तर देते, तो उत्तर देतो. तिला चूक कळलेली असते, तरी ती डबा तिथेच जाऊ देते. म्हणजे चूक एकदाच झाली, पुढचा प्रत्येक डबा ही निवड होती. म्हणूनच त्या गोष्टीत प्रेम आहे असं आपण म्हणतो.

आमचं स्वतःचं सांगतो, हसू नका. लग्नाच्या वयात आम्ही स्थळ बघायला वाईला निघालो होतो. पावसाळ्याचे दिवस, याच घाटात दरड आली, रस्ता बंद. परत फिरून ओळखीच्या एका घरी मुक्काम केला. त्या घरात त्यांची भाची आलेली होती. तिने रात्री जेवायला वाढलं आणि आमच्याशी नास्तिकतेवरून वाद घातला. सकाळी निरोप आला, दरड काढली, घाट मोकळा झाला. आम्ही वाईला गेलो नाही. आमच्या सौभाग्यवती अजून म्हणतात, आपलं लग्न दरडीने लावलं. आम्ही म्हणतो, दरडीने फक्त एक रात्र दिली. सकाळी रस्ता मोकळा असताना पुढे न जाण्याचं आम्ही ठरवलं. वाद अजून मिटलेला नाही.

पण मुद्दा हाच. ‘मुंबई-पुणे-मुंबई’सारखा हलकाफुलका सिनेमा घ्या. स्थळ नाकारायच्या तयारीने पुण्यात आलेली मुलगी आणि एक अनोळखी मुलगा, दिवसभराचं फिरणं. भेट एका क्षणात होते, पण दिवसभर चालत राहायला दोघांनी पावलं टाकावी लागतात. प्रेमात पडणं अवचित असेल. प्रेमात राहणं अवचित नसतं.

न टळणारं

आता कठीण भाग. काही गोष्टी खरोखरच टळत नाहीत. तिथे सिनेमा काय करतो?

२००४ चा संदीप सावंत यांचा ‘श्वास’ घ्या. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठी सिनेमाला सुवर्णकमळ मिळवून देणारा हा चित्रपट. कोकणातला आजोबा नातवाला शहरात डॉक्टरांकडे आणतो. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. इथे खलनायक नाही. डॉक्टर चांगले आहेत, समाजसेविका चांगली आहे, आजोबांनी कुठे हयगय केलेली नाही. आहे ते असं आहे. याला नियती म्हणायचं तर म्हणा.

मग आजोबा काय करतो? शस्त्रक्रिया लांबते, आणि तो मुलाला कुणाला न सांगता दवाखान्याबाहेर घेऊन जातो. डोळे आहेत तोवर मुलाला जग दाखवतो. त्याने रोग बरा होत नाही, शेवट एका इंचानेही हलत नाही. तरीही सिनेमा बघून उठताना ‘काही उपयोग झाला नाही’ असं आपल्याला वाटत नाही. का वाटत नाही?

इथे ग्रीसच्या स्टोइक तत्त्वज्ञांचा एक जुना वाद आठवतो. त्याला आळशाचा युक्तिवाद म्हणत. तू बरा होणार असं ठरलं असेल तर वैद्याला बोलाव न बोलाव, बरा होशील. नाही असं ठरलं असेल तरीही तेच. मग वैद्य कशाला? क्रिसिपसने उत्तर दिलं की हा हिशेब चुकीचा आहे. बरं होणं ठरलेलं असेल, तर वैद्याला बोलावणंही त्याच्याबरोबर ठरलेलं असेल. शेवट आणि तिथपर्यंतची वाट सुटी करता येत नाही. म्हणजे नियती मानली तरी हात बांधून बसायची परवानगी मिळत नाही. समर्थांनी दासबोध आपल्या शिवथरघळीत सांगितला असं परंपरा मानते, त्यातही प्रयत्नाचा कैवार किती ठामपणे घेतलाय ते तुम्हाला माहीत आहे.

आणि आपल्या नदीचं नावच बघा, सावित्री. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाडवरून समुद्राला जाते. ज्या सावित्रीची गोष्ट फाळक्यांनी १९१४ सालीच पडद्यावर आणली, ती काय सांगते? नारद सांगतात, सत्यवान वर्षभरात मरणार. वडील म्हणतात, दुसरा बघ. ती म्हणते, निवड एकदाच होते. आपण वटपौर्णिमेला तिचं कौतुक करतो ते नवरा परत आणला म्हणून. आम्हाला वाटतं, तिचा खरा पराक्रम त्याआधीचा. शेवट ठाऊक असून ती एक वर्ष संसार करते. आणि यम आल्यावर रडत बसत नाही, त्याच्यामागे चालत बोलत राहते, आणि शेवटी असा वर मागते की सत्यवान जिवंत असल्याशिवाय तो खरा होऊच शकत नाही. शब्दात अडकवते ती यमाला. ‘श्वास’मधल्या आजोबाला असा वर मिळत नाही. पण दोघांची जात एकच. उरलेला वेळ वाया न घालवणाऱ्यांची.

नियतीचा मुखवटा

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. जे नियती नाहीच, पण नियती म्हणून खपवलं जातं.

१९३७ साली प्रभातने, व्ही. शांतारामांनी, ‘कुंकू’ काढला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. नीरा नावाच्या तरुण मुलीचं फसवून उतारवयातल्या विधुर वकिलाशी लग्न लावतात. आजूबाजूचे सगळे तिला काय सांगत असतील? नशिबात होतं, आता सोस. शांता आपटेंची नीरा म्हणते, हे मला मान्य नाही. ती त्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देते. कारण हे नशीब नव्हतं. काही माणसांनी पैशासाठी केलेला व्यवहार होता.

आणि २०१६ चा नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’. आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला जातात. अनोळखी शहरात गुंड त्यांना घेरतात, आणि एक परकी बाई, सुमन अक्का, त्यांना वाचवते, आसरा देते. ही भेट म्हणजे निव्वळ योगायोग. मग संसार उभा राहतो, मूल होतं. शेवटी माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन घरी येतात. मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं, आणि परत येतं तेव्हा काय बघतं ते तुम्हाला आठवत असेल.

नीट लक्ष द्या. या गोष्टीत योगायोग दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा तो जीव वाचवतो. एकदा जोडप्याचा, एकदा बाळाचा. मारते ती योजना. पत्ता शोधून, गाडी करून, पिशव्या भरून आलेली माणसं मारतात. त्याला जातीची प्रतिष्ठा म्हणतात. तिथे ‘त्यांच्या प्रेमाचं नशीबच तसं’ असं म्हणणं म्हणजे मारेकऱ्यांना मागच्या दाराने सोडून देणं.

हे आम्ही महाडच्या इतक्या जवळ बोलतोय, तेव्हा एक आठवण करून द्यायलाच हवी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेली. त्यांना पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं होतं की तुमचा जन्मच असा, तुमचं कर्मच असं. त्या दिवशी त्यांनी दाखवून दिलं की ही नियती नाही, हा माणसांनी केलेला नियम आहे. आणि माणसांनी केलेला नियम माणसांना मोडता येतो. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी एक गोष्ट ‘दैव’ या खान्यातून उचलून ‘करणी’ या खान्यात ठेवली. आमच्या मते या परिसरात घडलेली तत्त्वज्ञानातली सगळ्यांत मोठी घटना हीच.

सावित्रीवरच्या पुलाचंही तेच. पाऊस पडणं, नदीला पूर येणं, हे निसर्गाचं. नेमक्या त्या मिनिटाला अमुक एसटी पुलावर असणं, हा योगायोग. पण इतका जुना पूल, त्यावरची वाहतूक, त्याची तपासणी, हे प्रश्न माणसांना विचारायचे आहेत, आकाशाला नाही. आणि नवा पूल वर्षभराच्या आत, जून २०१७ मध्ये, उभा राहिलाच की! तिन्ही खाने वेगळे ठेवले नाहीत तर दुःख तर होतंच, वर जबाबदारीही वाहून जाते.

त्या बाईंचं उत्तर

आता शेवटाकडे. ‘मी त्यांना थांबवलं असतं तर?’

आधी सरळ उत्तर. बाई, तुम्ही थांबवलं असतं तर ते कदाचित वाचले असते. हे नाकारून तुमची समजूत घालणं खोटेपणाचं होईल. पण ‘ते वाचले असते’ आणि ‘ते तुमच्यामुळे गेले’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं खरं असू शकतं, दुसरं खोटं आहे. वितेकला फलाटावर विमान दिसत नव्हतं. तुम्हाला ओट्यापाशी दरी दिसत नव्हती. दोन मिनिटांच्या चहाने किती तरी वेळा माणसं अपघातात सापडलीही असतील. त्या दिवशी चहाला न थांबवणं ही चूक नव्हती, कारण त्या दिवशीची तुमची माहिती रोजच्यासारखीच होती.

मग मनाला का टोचतं? इथे बर्नार्ड विल्यम्स हा इंग्रज तत्त्वज्ञ मदतीला येतो. तो एका ट्रकचालकाचं उदाहरण देतो. काहीही चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल येतं. बघणाऱ्यांनाही वाईट वाटतं, पण चालकाला जे वाटतं ते वेगळं असतं. आपण म्हणतो, अरे, तुझी चूक नव्हती. पण त्याने लगेच ‘हो, खरंच की’ म्हणून शीळ घालत गाडी चालू केली, तर तो आपल्याला माणूस म्हणून खटकेल. म्हणजे हे टोचणं गुन्हेगाराचं नाही. आपण त्या घटनेच्या किती जवळ होतो, त्याची ती खूण आहे. एकटा वाचलेला माणूस ‘मीच का वाचलो’ म्हणत जन्मभर जागतो, त्यालाही हेच लागू आहे. त्याच्याकडे संशयाने बघू नये, त्याच्याजवळ बसावं.

तुम्हाला टोचतं, बाई, कारण त्या माणसाच्या चहाची काळजी करणारं माणूस तुम्ही होतात. प्रेम केलं की आपलं सुख आपण दुसऱ्याच्या जिवावर ठेवतो, आणि तो जीव घाटातल्या रस्त्यावर, पावसात, दुसऱ्याच्या ब्रेकवर अवलंबून असतो. योगायोगापासून पूर्ण सुरक्षित राहायचं असेल तर एकच उपाय आहे, कुणावर प्रेमच करायचं नाही. तो उपाय सावित्रीने नारदांच्या तोंडावर नाकारला होता.

पण टोचणी घेऊन एक काम मात्र करता येतं. ती सगळी स्वतःवर ओढून घेण्याऐवजी थोडी रस्त्याकडे वळवायची. कठडा होता का? वळणावर फलक होता का? गाडी तपासलेली होती का? हे प्रश्न विचारणं म्हणजेही गेलेल्या माणसावर प्रेम करणंच आहे, कारण त्याने पुढचा कुणीतरी घरी पोहोचतो. पूल गेला त्या रात्री जवळच्या एका गॅरेजमधल्या माणसाने धावत जाऊन येणाऱ्या गाड्या थांबवल्याचं बातम्यांत आलं होतं. त्या गाड्यांमधले लोक आजही म्हणत असतील, नशीब आमचं. त्यांचं नशीब म्हणजे भर पावसात रस्त्यावर उभा राहिलेला एक माणूस होता.

तेव्हा मंडळी, पुढचा सिनेमा बघाल तेव्हा तीन प्रश्न खिशात ठेवा. यातलं आपोआप जुळून आलेलं किती? खरोखर न टळणारं किती? आणि कुणीतरी केलेलं किंवा न केलेलं किती? मग चौथा, या तिन्हींच्या मध्ये उभं राहून पात्रं एकमेकांशी कशी वागली? सिनेमा चांगला असेल तर हे प्रश्न थिएटरबाहेरही तुमच्याबरोबर येतील.

आमचं बोलणं संपलं. घाटाने वर जाणारे कुणी असतील तर त्यांनी धुकं उतरायच्या आत निघावं, आणि चालकाला घाई करायला लावू नये. त्याआधी मागे चहा ठेवलाय. दोन मिनिटं थांबा, घेऊन जा.